दंडातले बळ : आसन की वजन?

श्रोतेहो, दंड कमवायचे तर नमस्कार घालावेत की लोखंड उचलावे, हा वाद आपल्याकडे निदान शंभर वर्षांचा आहे. आणि तो पुण्याच्या आसपासच चांगला रंगला.

आधी एक गैरसमज दूर करू. वजन उचलणे ही काही साहेबाने आणलेली विद्या नव्हे. आपल्या तालमींतून मुद्गल, करेल आणि दगडी नाल पूर्वीपासून होतेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. तिच्यात वजन म्हणून निराळे काही नसते. आपला देह हेच वजन.

मग 1904-05 साली युजेन सँडो हा युरोपातला बलवान हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचे नाव आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला अजून चिकटलेले आहे! त्याच्या डंबेल्सचे वेड मात्र त्याच्याही आधी येथे पोचले होते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राजपुत्र असताना सँडोची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेटाने केला. पुढे 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि 1951 साली निधन होईपर्यंत त्यांचाच पुरस्कार करीत राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. 1938 साली त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. दोन्ही बाजू स्वतःच्या अंगावर अजमावलेला असा माणूस विरळाच.

दुसरे उदाहरण खास पुण्याचे. 1937 साली बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले. वय अवघे अठरा-एकोणीस. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी गांजलेला हा मुलगा हातापायाने अगदी काडी होता. सहा महिन्यांसाठी आला आणि पुणेकरच झाला. तळहातांवर सारा देह तोलणारी आसने त्यांनी जगाला दाखवली. 1975 साली त्यांची संस्था शिवाजीनगरात उभी राहिली. 2014 साली ते पुण्यातच निवर्तले.

आता मुद्द्याचे बोलू. स्नायू काही लोखंड ओळखत नाही. तो ओळखतो भार. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला, पुरेसे अन्न आणि विसावा मिळाला, की तो वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत तर दंड फारसा फुगतही नाही. मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकतात, म्हणून बळ वाढते. जोर काढताना देहाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. पंचेचाळीस किलोच्या मुलाने जोर मारला, म्हणजे जवळजवळ तीस किलो रेटले, बघा! बिनपैशाचे हे वजनच झाले.

पण येथे एक मेख आहे. बाराचे शंभर जोर झाले की दम वाढतो, ताकद पूर्वीच्या वेगाने वाढत नाही, कारण भार तेवढाच राहतो. वजनाचा फायदा हाच, की ते किलोकिलोने चढवता येते आणि अशक्त मुलाला अगदी हलक्यापासून सुरुवात करता येते. दुसरी उणीव अशी, की नमस्कारात आणि बहुतेक आसनांत हात रेटतात, ओढत नाहीत. म्हणून दंडाची मागची बाजू आणि खांदे तयार होतात, पुढची बेटकुळी मागे राहते. उलट स्थिर आसनात खांद्याचा सांधा तोल सांभाळायला शिकतो. नुसते डंबेल वरखाली करून ते साधत नाही.

शिक्षकबंधूंनो, लोखंडावाचून अडले, असे समजू नका. जोर सोपे झाले की मुलांचे पाय पायरीवर टेकवा. हातांवरचा भार वाढेल. पुढे, खांदे पुरेसे तयार झाले म्हणजे, भिंतीच्या आधाराने आणि तुमच्या देखरेखीखाली हातांवर उभे राहायला शिकवा. मग पुरा देह हातांवर. ओढण्यासाठी दोर आहे, मल्लखांब आहे, मजबूत आडवी फांदी आहे. वजनाची सोय असेल तर तेही वापरा. बेताचे वजन नीट शिकवून उचलू दिले, तर मुलांची उंची खुंटते ही भीती खरी नाही.

आपल्या भाषेत या व्यायामाला जोर म्हणतात आणि ताकदीलाही जोरच म्हणतात. ज्या शाळेत तालीम नाही, साहित्याला पैसा नाही, तेथल्या मुलाचे दंडही भरायला हवेत. आठवड्यातून तीन दिवस, थोडे थोडे वाढवीत, वर्षभर. मग आसन की वजन हा वाद त्या मुलाला पडणारच नाही.