डिस्क वाढली, मग जागा का वाढत नाही?

संशोधन सुरू केलं की कधीतरी तुमच्यावर ही वेळ येणार. व्हर्च्युअल मशीनची ४० जीबीची डिस्क सिम्युलेशनच्या फाइल्सनी भरते. तुम्ही विनंती करता, अ‍ॅडमिन ती १०० जीबी करून देतो. तुम्ही 'डीएफ' कमांड चालवता, तर आकडा तोच, ४०! माझ्या बाबतीत असं झालं तेव्हा मी घाईत पार्टिशन डिलीट करून पुन्हा बनवलं. सुरुवातीचा सेक्टर चुकला आणि मशीन सुरूच होईना. कमांड पाठ होती, पण ती का द्यायची हे माहीत नव्हतं. ते 'का' इतिहासात सापडतं.

१९६७ मध्ये आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये सीपी-४० ही प्रणाली वापरात आली. एकाच संगणकावर अनेक जण काम करायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, पूर्ण मशीन आपलंच आहे. खऱ्या डिस्कचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक 'मिनीडिस्क' दिलेली असे. आजची व्हर्च्युअल डिस्क हे त्याच कल्पनेचं पुढचं रूप. आतलं मशीन तिला खरीखुरी डिस्क समजतं, आणि खरी डिस्क काही वाढत नसते.

१९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणि पीसी डॉस २.० आले. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये चार नोंदींचा पार्टिशन टेबल असायचा: प्रत्येक भाग कुठे सुरू होतो आणि केवढा आहे. हा डिस्कचा सातबाराच म्हणा ना. नदीच्या गाळाने जमीन वाढली तरी उताऱ्यावरचं क्षेत्र आपोआप बदलत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत तर या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. डिस्क वाढली की ती मधेच राहते, म्हणून टूल इशारा देतं. घाबरू नका.

या अडचणीवर उपाय म्हणून १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं. पार्टिशनमधली जागा एका साठ्यात जमा करायची आणि हवी तशी वाटायची. सोय झाली, पण आणखी एक थर वाढला. सगळ्यात वर फाइल सिस्टिम. तिने स्वतःचा आकार तयार होतानाच सुपरब्लॉकमध्ये लिहून ठेवलेला असतो.

म्हणजे चार थर, चौघांची वेगवेगळी वही. अ‍ॅडमिनने फक्त पहिली बदलली. उरलेल्या तुम्ही खालून वर बदलायच्या: पार्टिशनसाठी 'ग्रोपार्ट', एलव्हीएमसाठी 'पीव्हीरिसाइझ' आणि मग 'एलव्हीएक्सटेंड', शेवटी ईएक्सटी४ साठी 'रिसाइझ२एफएस' किंवा एक्सएफएससाठी 'एक्सएफएस_ग्रोएफएस'. एलव्हीएम नसेल तर मधला टप्पा गाळा. जागा कमी करताना क्रम बरोबर उलटा, आधी फाइल सिस्टिम. तो चुकला तर डेटा कापला जातो.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. आधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग 'एलएसबीएलके' चालवून बघा, नवा आकडा कोणत्या थरापर्यंत पोचलाय आणि कुठे अडलाय. जिथे अडलाय, तिथली कमांड द्या. बाकीच्यांना हात लावू नका.