चार भोकं आणि बर्डीचा बाजार

गेल्या मे महिन्यात मी बर्डीवर कॅबिनेट घ्यायला गेलो, तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. गेमिंगसाठी पीसी जोडायचा, पण टेबलाखाली तो जुना हत्ती नको. दहा लिटरचं कॅबिनेट, त्यात मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड. पाण्याचा जो वीस लिटरचा जार प्रत्येक दुकानात उलटा ठेवलेला असतो, त्याच्या निम्म्या जागेत अख्खा कॉम्प्युटर!

मोदी नंबरच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने माझी यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "भाऊ, हा छोटा एसएमपीएस जून महिन्यात उडाला, तर तू काय करशीन?"

"ऑर्डर करीन."

"आणि येईपर्यंत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही न घेता घरी आलो. मग मदरबोर्डच्या मापांचा इतिहास वाचत बसलो. कारण त्या प्रश्नामागे चाळीस वर्षांची गोष्ट आहे.

ही गोष्ट १९८१ मध्ये सुरू होते. आयबीएमने पहिला पीसी काढला तो बाजारात सहज मिळणारे सुटे भाग वापरून, आणि त्याची तांत्रिक माहितीही छापली. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये दोन स्लॉटमधलं अंतर ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर ठेवलं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये 'एटी' आला. त्याचा मदरबोर्ड एका फुटाहून मोठा होता. बोर्ड किती लांब, भोकं कुठे, स्लॉट कुठे, हे आयबीएमने फक्त स्वतःच्या यंत्रासाठी ठरवलं होतं. त्याचा 'स्टँडर्ड' केला तो नक्कल करणाऱ्यांनी. तैवानपासून टेक्सासपर्यंत ज्याने त्याने त्याच जागी भोकं पाडली, कारण तसं केलं तरच आपला बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसणार होता.

भारतात तेव्हा आयबीएम नव्हतीच. ती १९७८ मध्ये इथून गेली होती. पण एटी आल्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीची दारं किलकिली झाली. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटर व त्याच्या भागांवरचं आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि आपली बर्डी, सगळीकडे 'असेंबल्ड' हा शब्द रुळला. एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची रॅम, तिसरीचं कॅबिनेट, आणि चार स्क्रू फिरवणारा गल्लीतला माणूस.

आमच्या घरी असाच एक असेंबल्ड आला, २००४ मध्ये. ताईला एमएस-सीआयटी करायचं होतं. २००१ पासून हा कोर्स महाराष्ट्रभर पसरला होता आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव दिसू लागलं होतं. ब्रँडेड कॉम्प्युटर बाबांच्या पगारात बसत नव्हता. नातेवाईक म्हणाले, असेंबल्ड म्हणजे फसवणूक. दोन वर्षांनी पावसाळ्यात वीज कडाडली आणि एसएमपीएस गेला. दुसऱ्या दिवशी ताईची परीक्षा. बाबा स्कूटरवर कॅबिनेट बांधून बर्डीवर गेले आणि तासाभरात परत आले. मी तेव्हा लहान होतो. मला वाटलं, त्या दुकानदाराला जादू येते.

ती जादू नव्हती, ते १९९५ चं माप होतं. त्या वर्षी इंटेलने एटीएक्स आणलं. बोर्ड आडवा फिरवला, मागची सगळी तोंडं एका चौकटीत आणली, आणि वीजजोडणी अशी केली की ती उलटी बसूच शकत नाही. त्याआधी एटीच्या बोर्डवर दोन वेगळे कनेक्टर लागत आणि जोडणाऱ्याला एक मंत्र पाठ असे: काळ्या तारा काळ्यांशेजारी. अदलाबदल झाली की बोर्डची राख. एटीएक्सने एवढं बदललं, पण ०.८ इंचाचं अंतर तसंच ठेवलं. आज आपण ज्याला 'तीन स्लॉटचं ग्राफिक्स कार्ड' म्हणतो, ते १९८३ च्या मापाने मोजलेलं असतं.

बाजाराच्या हातात गेलेलं माप परत घ्यायचा प्रयत्न दोनदा झाला. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिकेत नव्या जातीचे स्लॉट आणले आणि ते वापरायला परवाना व पैसे मागितले. नऊ स्पर्धक एकत्र आले, त्यांनी १९८८ मध्ये जुन्या कार्डांना चालणारा वेगळा स्लॉट जाहीर केला. आयबीएमचा स्लॉट मागे पडला. नंतर २००४ च्या सुमारास खुद्द इंटेलने, पेंटियम ४ फार तापतो म्हणून, बीटीएक्स हे नवं माप आणलं. हवेचा मार्ग सरळ, विचार उत्तम. पण त्यासाठी बोर्ड, कॅबिनेट आणि कूलर, सगळंच नवं घ्यावं लागणार होतं. २००६ मध्ये इंटेलने ते थांबवलं. त्याच वर्षी कमी तापणारे कोअर २ प्रोसेसर आले होते.

या दोन पराभवांच्या मधे एक लहानसा बोर्ड जिंकून गेला. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स जाहीर केला. १७० बाय १७० मिलिमीटर. एटीएक्स ३०५ बाय २४४ असतो, म्हणजे हा त्याच्या चाळीस टक्क्यांहूनही थोडा कमी. गेमसाठी तो नव्हताच. व्हीआयएला आपले कमी विजेचे प्रोसेसर विकायचे होते. पण त्यांनी एक शहाणपणा केला. बोर्डची चारही भोकं एटीएक्सच्याच भोकांच्या जागी ठेवली. मागची चौकट तीच, वीजजोडणी तीच. कुणालाही जुनं काही फेकायची गरज पडली नाही. हौशी लोकांनी तो वाटेल त्या डब्यात बसवला, इतर कंपन्यांनी उचलला, आणि पुढे त्यावर ग्राफिक्स कार्डचा पूर्ण स्लॉट आल्यावर गेमवाल्यांची नजर पडली. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून एनकेस एम१ हे १२.६ लिटरचं कॅबिनेट आलं, २०१६ मध्ये डॅन ए४ सुमारे ७.२ लिटरचं. मला हवं होतं ते याच घराण्यातलं.

इथे मला दुकानदाराचा प्रश्न कळला. मिनी-आयटीएक्स बोर्ड बाजाराचं माप पाळतो, पण दहा लिटरचं कॅबिनेट ते सगळीकडे पाळेलच असं नाही. त्यात नेहमीचा १५० बाय ८६ मिलिमीटर तोंडाचा एसएमपीएस बसत नाही; १२५ बाय ६३.५ चा एसएफएक्स लागतो. बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड बोर्डच्या पाठीमागे ठेवून लवचीक केबलने जोडावं लागतं. कूलरची उंची मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावी लागते. यातलं काहीही गेलं, तर बर्डीवरून तासाभरात परत येता येत नाही.

शिवाय नागपूरचा मे महिना. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात खोली २६ अंशांवर असेल आणि इथे कूलर लावूनही ३६ वर, तर आतला प्रत्येक भाग साधारण दहा अंश जास्त तापणार. माझं ११५ वॅटचं कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर मिळून १८० वॅट, म्हणजे साठ वॅटचे तीन जुने बल्ब दहा लिटरच्या डब्यात. चांगल्या रचनेत हे जमतं, जगभर लोक जमवतात. पण त्यात चुकायला जागा उरत नाही, आणि कूलरच्या ओल्या हवेबरोबर येणारी धूळ जाळी बुजवायला महिनाही घेत नाही.

शेवटी मी मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला. हे १९९७ चं माप, २४४ बाय २४४. रॅमचे चार स्लॉट, त्याच जातीच्या मिनी-आयटीएक्सपेक्षा स्वस्त, आणि नेहमीचा एसएमपीएस चालेल असं सुमारे २६ लिटरचं कॅबिनेट. पाण्याच्या जारपेक्षा थोडं मोठं. कुणी मला लहान कॅबिनेटबद्दल विचारलं, तर आता मी लिटर नंतर सांगतो. आधी विचारतो, यातले किती भाग तुझ्या गावच्या बाजारात मिळतात? पुण्या-मुंबईत राहत असशील आणि दर महिन्याला पीसी पाठीवर टाकून न्यायचा असेल, तर तुझं उत्तर वेगळं येईल. तेही बरोबर असेल.

बोर्ड घरी आला तेव्हा कॅबिनेट यायला दोन दिवस होते. २००४ चं जुनं कॅबिनेट बाबांनी भंगारात देऊ दिलं नव्हतं. मी सहज नवा बोर्ड त्यात ठेवून पाहिला. सगळी भोकं जुळली. वीस वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर यंदाचा बोर्ड सपाट बसला. ग्राफिक्स कार्ड मात्र नाही बसलं; हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला.

बाबा बाजूला उभे होते. त्यांनी ड्रॉवरमधून जुन्या स्क्रूंची डबी काढली, एक स्क्रू उचलला आणि कोपऱ्यातल्या भोकात फिरवला. तो शेवटपर्यंत गेला.

"फसवणूक म्हणत होते," ते म्हणाले, आणि पुढचा स्क्रू शोधू लागले.