ढगाखालची जमीन

नव्या विद्येच्या परिभाषेंत 'क्लाउड', म्हणजे ढग, या शब्दाइतका फसवा शब्द क्वचितच सांपडेल. ढग म्हटला कीं तो कोणाच्या मालकीचा नाहीं, त्याला भिंती नाहींत, तो आपोआप येतो आणि जातो, अशी कल्पना मनांत उभी राहते. प्रत्यक्षांत हा ढग म्हणजे कुलूपबंद इमारतींत ओळीनें मांडलेलीं लोखंडी कपाटें, त्यांत अहोरात्र तापणारे संगणक, त्यांना निवविणारी यंत्रसामग्री आणि महिनाअखेर येणारें बिल होय. ॲमेझॉन कंपनीनें २०१६ सालच्या जूनमध्यें मुंबईच्या नांवानें आपलें असें केंद्र उघडलें. तेव्हां पुण्यांतील एकाद्या ग्रंथालयाचें संकेतस्थळ ज्या ढगांत आहे म्हणून सांगतात, तो ढग बोरघाटाखालींच कोठेंतरी जमिनीवर टेकलेला असूं शकतो.

अशा भाड्याच्या यंत्रावर स्वतःच्या हातानें वेब सर्व्हर उभा करण्याची विद्या आतां मागें पडत चालली आहे. सर्व्हर म्हणजे मागणी येतांच हवें तें पान काढून देणारा, रात्रंदिवस जागा राहणारा ग्रंथपाल, असें स्थूलमानानें समजावें. एक बटण दाबलें कीं हा ग्रंथपाल हजर होतो. मग एकेक आज्ञा लिहीत बसण्याचा खटाटोप कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु आम्ही या कामाकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं इच्छितों. हें काम हातानें करणारा मनुष्य एका संध्याकाळीं पन्नास वर्षांचा इतिहास पायाखालीं घालतो. कारण त्यांतील प्रत्येक पायरी कोणाच्या तरी अडचणींतून निर्माण झालेली आहे.

पहिलें काम यंत्र भाड्यानें घेण्याचें. संगणकाची शक्ति टेलिफोनप्रमाणें सार्वजनिक सोय म्हणून पुरविली जाईल, हा विचार जॉन मॅकार्थी यांनीं १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दिप्रसंगीं मांडला होता. त्या काळीं संगणक इतका महाग असे कीं माणशीं एक देणें अशक्य. म्हणून एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वांटून देण्याची युक्ति निघाली. पुढें १९६७ च्या सुमारास अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएमच्या मंडळींनीं एकाच यंत्रांत प्रत्येकास स्वतंत्र यंत्राचा भास निर्माण करून दाखविला. हीच युक्ति साध्या, स्वस्त संगणकांवर आणणारी 'झेन' नांवाची योजना २००३ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांतून बाहेर पडली. आणि तिच्या पायावर ॲमेझॉननें ऑगस्ट २००६ मध्यें ताशीं दहा सेंट भाड्यानें यंत्रें देण्यास आरंभ केला. जुन्या वाड्यांत बिऱ्हाडें असत तशीच ही व्यवस्था आहे. फरक इतकाच कीं येथें प्रत्येक बिऱ्हाडकरूला सारा वाडा आपलाच वाटतो, आणि शेजारच्याचा आवाज सहसा ऐकूं येत नाहीं.

दुसरें काम त्या यंत्रांत शिरण्याचें. त्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं. दुरूनच तारेवाटे आज्ञा द्यावयाच्या. पूर्वीं अशा वेळीं परवलीचा शब्द उघड्या पत्राप्रमाणें तारेवरून जाई आणि वाटेंत कोणीहि तो वाचूं शके. १९९५ सालीं हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणीं तरी असे शब्द चोरले, तेव्हां तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनीं 'एसएसएच' ही गुप्त बोलणीं करणारी पद्धति त्याच वर्षीं लिहून काढली. आज आपण जी किल्ल्यांची जोडी करतों, एक आपल्यापाशीं जपून ठेवतों व दुसरी पलीकडच्या यंत्रावर खुशाल ठेवून देतों, ती याच पद्धतींतली. एका चोरीनें साऱ्या जगाच्या दाराला कुलूप बसविलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आंत शिरल्यावर खऱ्या सर्व्हरची स्थापना. या विद्येचा जन्म जिनीव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत झाला. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्चमध्यें आपली योजना वरिष्ठांपुढें ठेविली, आणि १९९० संपतां संपतां जगांतील पहिला वेब सर्व्हर तेथील एका नेक्स्ट संगणकावर चालूं लागला. हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नये, अशी तांबड्या शाईनें लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. एका खटक्यासरशी साऱ्या जगाची वेब मालवली असती. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सामग्री सर्वांस विनामूल्य मोकळी केली. आज एकाद्या विद्यार्थ्यास कोणाचीहि परवानगी न मागतां सर्व्हर उभा करतां येतो, त्याचें मूळ या निर्णयांत आहे.

पुढें इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेंत रॉब मक्कूल यांनीं लिहिलेला सर्व्हर सर्वत्र पसरला. परंतु १९९४ सालीं ते संस्था सोडून गेले आणि त्याचें काम खुंटलें. ठिकठिकाणचे लोक आपापल्यापुरतीं ठिगळें लावून वेळ मारून नेऊं लागले. १९९५ च्या फेब्रुवारींत त्यांपैकीं आठ जणांनीं हीं ठिगळें एकत्र करण्याचें ठरविलें, आणि १ डिसेंबर १९९५ रोजीं 'अपाची' सर्व्हरची पहिली पूर्ण आवृत्ति प्रसिद्ध झाली. अनेक हातांनीं शिवलेली ही गोधडी वर्षाच्या आंत जगांत सर्वांत अधिक वापरली जाणारी ठरली. पुढें गर्दी वाढली. अपाचीची जुनी रीत अशी कीं प्रत्येक पाहुण्यामागें एक वाढपी उभा करावयाचा. दहा हजार पाहुणे एकदम आले तर इतके वाढपी आणावे कोठून? इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एन्जिन-एक्स' सर्व्हरांत मोजकेच वाढपी साऱ्या पंगतींतून फिरतात; ज्याला जें हवें असेल तें वाढतात आणि कोणापाशींहि खोळंबून राहत नाहींत. आजहि सर्व्हर निवडतांना मनुष्य बहुधा या दोन रीतींमध्येंच निवड करीत असतो.

एवढें झाल्यावर नवशिका पहिल्यानें अडखळतो तो परवानगीच्या उंबऱ्यावर. पान जागेवर असतें, पण सर्व्हर तें देण्यास साफ नकार देतो. याचें कारण बेल लॅबोरेटरींत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स पद्धतींत आहे. एका यंत्रावर अनेक माणसें काम करीत. म्हणून प्रत्येक लेखाला मालक, मालकाचा गट आणि इतर लोक अशा तीन वर्गांचे हक्क जोडलेले असत. आज यंत्रावर आपण एकटेच असलों तरी सर्व्हरला मुद्दाम एका निर्धन, हक्कहीन नोकराच्या वेषांत चालविलें जातें. हेतु हा कीं उद्यां तो कोणाच्या भूलथापांस बळी पडला तरी तिजोरीच्या किल्ल्या त्याच्यापाशीं नसाव्या. उतावळा मनुष्य सर्व हक्क सर्वांस देऊन टाकतो आणि पान दिसलें म्हणून आनंदतो. त्यानें दार उघडलें नाहीं, भिंत पाडली, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

शेवटीं नांव आणि प्रमाणपत्र. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची वांटणी करणारी पद्धति योजिली. तोंपर्यंत जाळ्यावरील साऱ्या यंत्रांचीं नांवें एकाच यादींत लिहून ठेवीत. बोलणें गुप्त राखणारें व ओळख पटविणारें प्रमाणपत्र मिळविण्यास पुढें पुष्कळ वर्षें पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेनें तें सर्वांस फुकट देण्यास सुरुवात केली. त्याची मुदत नव्वद दिवसांचीच ठेविली, आणि हेतु स्पष्ट सांगितला कीं नूतनीकरण माणसानें नव्हे, यंत्रानेंच करावें.

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणें मान्य केलें पाहिजे. हातकामांत मोठा दोष आहे: त्याची नोंद राहत नाहीं. एकाच माणसानें उभारलेले दोन सर्व्हर सारखे निघत नाहींत, आणि तो माणूस निघून गेला कीं कोणती खुंटी कशाला ठोकली होती हें सांगणारा कोणी उरत नाहीं. म्हणूनच २००५ सालीं 'पपेट' आणि २०१३ सालीं 'डॉकर' अशीं साधनें निघालीं, त्यांनीं कृतीचें लेखी टिपण बनविलें, आणि मोठ्या कारखान्यांस हाच मार्ग योग्य आहे. परंतु टिपण लिहावयाचें तर कृति आधीं कोणीं तरी जाणलेली असावी लागते. एप्रिल २०१४ मध्यें 'हार्टब्लीड' या नांवानें गाजलेला दोष ओपन-एसएसएल या सार्वत्रिक ग्रंथिकेंत उघडकीस आला. आपल्या यंत्रावर तिची कोणती आवृत्ति आहे हें ज्यास ठाऊक होतें, तो त्याच दिवशीं उपायाला लागूं शकत होता. ज्यास ठाऊक नव्हतें, त्याला दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहणें भाग होतें.

आणखीहि एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. 'जिओसिटीज' या वसाहतींत लाखो सामान्य लोकांनीं आपलीं पानें फुकट थाटलीं होतीं. याहू कंपनीनें ती १९९९ सालीं विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील सारी वसाहत बंद केली. कांहीं हौशी मंडळींनीं धांवपळ करून जें वांचविलें तेवढें वांचलें. आज मराठींतील जुन्या मासिकांच्या प्रती, कोश, गांवोगांवच्या संस्थांचे वृत्तान्त संगणकावर चढविले जात आहेत. ते कोणाच्या तरी वाड्यांत राहणार, यास इलाज नाहीं. पण भाडें वाढलें, घरमालक बदलला किंवा वाडाच पडूं लागला, तर सामान उचलून दुसरीकडे मांडणारें कोणी तरी प्रत्येक संस्थेंत असावें. सर्व्हर मोफत आहे, त्याची मांडणी साध्या अक्षरांत लिहिलेली असते, आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेतां येते; कमी पडतें तें एवढेंच, तिचा अर्थ जाणणारें माणूस.

तेव्हां बटण दाबूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यानें एकदां तरी रिकाम्या यंत्रावर आरंभापासून अखेरपर्यंत सर्व्हर उभा करावा, केलेली प्रत्येक पायरी वहींत टिपून ठेवावी, आणि मग सुखानें बटण दाबावें. ज्याला बिऱ्हाड मांडतां येतें, त्यालाच तें हलवितां येतें.