लाकूड : प्रारणरोधक पदार्थ

लाकूड प्रारण अडवते की नाही, हे प्रारणाच्या जातीवर ठरते. कोरड्या लाकडात वजनाने सुमारे ५०% कार्बन, ४४% ऑक्सिजन व ६% हायड्रोजन असतो. तिन्ही मूलद्रव्ये हलकी असल्याने बीटा कण व न्यूट्रॉन यांच्यापुढे लाकूड उपयोगी पडते. क्ष-किरण व गॅमा किरण यांच्यापुढे ते दुबळे ठरते.

बीटा कण : फॉस्फरस-३२ चे बीटा कण दोन सेंटिमीटर लाकडात थांबतात. शिशावर थेट आदळले, तर तेच कण भेदक क्ष-किरण निर्माण करतात. म्हणून उगमाजवळ आधी हलका पदार्थ ठेवतात.

न्यूट्रॉन : हायड्रोजनच्या अणुकेंद्राचे वस्तुमान न्यूट्रॉनएवढेच असल्याने प्रत्येक धडकेत न्यूट्रॉनचा वेग झपाट्याने कमी होतो. अमेरिकेतील हॅनफर्डच्या बी अणुभट्टीच्या (१९४४) कवचात पोलादाच्या आणि दाबलेल्या लाकूडतंतूंच्या मेसोनाइट फळ्यांचे आलटूनपालटून थर होते. तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत (१९५६) हायड्रोजनचे हेच काम तलावातील पाण्याने केले. हायड्रोजन न्यूट्रॉन शोषतो तेव्हा गॅमा किरण बाहेर पडतात, त्यामुळे जोडीला जड धातू लागतोच. वाळवीसाठी टाकणखार व बोरिक आम्ल मुरवलेल्या लाकडातले बोरॉन मंद न्यूट्रॉन चांगले शोषते. मात्र लाकूड जळते, आणि ऋतुमानाप्रमाणे फुगते-आकसते. त्यामुळे सांध्यांत फटी पडतात. कायमच्या कवचासाठी काँक्रीटच बरे.

क्ष-किरण : लोकांचा खरा संबंध इथे येतो. दाट वस्तीत निदान केंद्राची भिंत शेजाऱ्याच्या घराला लागून असू शकते. ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे ६०% किरण साडेतीन सेंटिमीटर जाड सागवानी दारातून सरळ पार जातात. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या निकषानुसार क्ष-किरण खोलीच्या दाराला १.७ मिलिमीटर शिशाइतके संरक्षण हवे. ते दार बाहेरून साधे, सनमायका लावलेले दिसते. शिशाचा पत्रा दोन फळ्यांच्या मध्ये असतो आणि चौकटीच्या फटी झाकल्या जाव्यात म्हणून कडेलाही घेतलेला असतो. त्यात लाकडाचे काम फक्त मऊ, जड पत्रा पेलण्याचे. दार बदलताना सुतार नुसते प्लायवुड बसवून गेला, तर संरक्षण संपले, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दार जाड आहे म्हणून निर्धास्त राहू नये. केंद्राकडे नियामक परिषदेचा परवाना आहे का, हे विचारावे आणि तपासणी चालू असताना दाराला टेकून उभे राहू नये.