मूकपटापासून हेडफोनपर्यंत : ध्वनीच्या समतोलाची कथा

गोदातीरीं वसलेल्या नाशिकचें नांव भारतीय चित्रपटाच्या इतिहासांत अगदीं आरंभींच येतें. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस दाखविला व त्याच वर्षीं आपलें बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास आणला. १९१८ मध्यें तेथें हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. कित्येक वर्षें या नगरींत तयार झालेलीं चित्रें प्रेक्षकांच्या डोळ्यांशीं बोलत राहिलीं, कानांशीं नव्हे.

१४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' प्रकाशित झाला आणि युग पालटलें. फाळके यांनीं 'सेतुबंधन' मूक काढला होता. त्यास मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथेंच त्यांचें देहावसान झालें. प्रकाशाला वश करणाऱ्या या पुरुषास ध्वनीनें मागें टाकलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ध्वनीला वश करणें सोपें नव्हतेंच. १९२५ पूर्वीं ग्रामोफोनच्या तबकड्या कर्ण्यापुढें गाऊन भरीत. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी या दोन्ही कडा त्यांत गळून जात. उरे तो मधला आवाज. विजेच्या ध्वनिमुद्रणानें ही उणीव पुष्कळ भरून निघाली. दूरध्वनीच्या लांबलचक तारांतही तीव्र स्वर वाटेंतच क्षीण होत. तेव्हां अभियंत्यांनीं तारेच्या टोकास अशी योजना केली कीं, जें घटलें तें वाढावें आणि सर्व स्वर पुन्हां सम व्हावेत. यावरूनच त्या योजनेस 'इक्वलायझर' हें नांव मिळालें. नटविण्यासाठीं नव्हे, तर हानि भरून काढण्यासाठीं तिचा जन्म झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९३३ मध्यें फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं कानाचेंच एक वैगुण्य मोजून दाखविलें. आवाज हळू असतां मनुष्याच्या कानास खर्ज फारच कमी ऐकूं येतो. आवाज चढला म्हणजे ही तफावत कमी होते. म्हणून रात्रीं हळू आवाजांत ऐकलेलें गाणें पोकळ भासतें. हा दोष गवयाचा नव्हे, यंत्राचाही नव्हे.

आज तीच योजना प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें आली आहे. तिच्या सरकपट्ट्यांपैकीं डावीकडील पट्ट्या खर्जाच्या, मधल्या गळ्याच्या आणि उजवीकडील झळाळीच्या असतात. सेकंदास साठ कंपनांच्या आसपास डग्ग्याचा घुमारा असतो. दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यांत शब्दांची स्पष्टता असते. पुष्कळजण सर्वच पट्ट्या वर नेतात. त्यानें समतोल तर साधत नाहींच. उलट यंत्राची मर्यादा ओलांडली जाऊन आवाज फाटतो. शहाणपणाचा मार्ग उलटा आहे. आवाज घुमत असेल तर खर्ज थोडा उतरवावा. 'स'कार टोंचत असेल तर वरची पट्टी किंचित् खालीं घ्यावी. परिचित गायकाचें एखादें गाणें लावून एका वेळीं एकच पट्टी हलवावी, आणि मूळ आवाजाशीं ताडून पाहावें. हेडफोन कानावर नीट बसला नसेल तर खर्ज निसटतो. तेथें पट्टी हलविण्याआधीं हेडफोनच नीट बसवावा.

एक हानि मात्र कोणतीही पट्टी भरून काढीत नाहीं. दीर्घकाळ मोठ्या आवाजानें कानाच्या आंतील सूक्ष्म केशपेशी मरतात, आणि मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. हरपलेला स्वर तबकडीस परत देतां आला. कानास तो परत देतां येत नाहीं. यास्तव समतोलाचा पहिला धडा हा कीं, आधीं आवाज उतरवावा, मग पट्ट्यांस हात लावावा.