ओल्या डोंगरातला बूट

पायदळाचा इतिहास लिहिणारे रायफलींवर पानंच्या पानं लिहितात. बुटांच्या वाट्याला एखादी ओळ आली तर आली. माझ्या मते हा हिशोब उलटा आहे. जवान गोळी झाडतो ती महिन्यातून एखादे वेळी, तीही आली वेळ तर. बूट मात्र रोज चालतो. ईशान्येला पोस्टिंग काढलेल्या कुठल्याही सुभेदार साहेबांना विचारा, ते आधी जळवांबद्दल बोलतील आणि मग पायांबद्दल.

आपल्या फौजेला इंग्रजांकडून मिळाला तो अॅम्युनिशन बूट. जाड चामडं, चामड्याचाच तळ, तळाला ठोकलेले लोखंडी खिळे आणि टाचेला नाल. परेड ग्राउंडवर त्याचा आवाज ऐकून छाती फुगायची. चिखलात आणि गवताच्या उतारावर खिळे रुततात, म्हणून तिथे तो बूट वाईट नव्हता. पण ओल्या खडकावर लोखंड सटकतं. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोकणातला गडी अशा जागी वहाणा हातात घेतो आणि बोटांनी पकड धरतो. शिवाय चामडं पाणी पितं, जड होतं, वाळायला दिवस घेतं. घाईने शेकोटीजवळ धरलं की तडकतं. आणि थंडीत तेच खिळे जमिनीचा गारठा थेट तळपायाला पोचवतात.

याची किंमत आपल्या लोकांनी पहिल्या महायुद्धातच मोजली. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सला उतरल्या त्या खाकी सुती कपड्यांत. पुढे फ्लँडर्सच्या खंदकांत घोटाभर, गुडघाभर गार पाणी. तिथे ‘ट्रेंच फूट’ हा शब्द रूढ झाला. यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: पाय गोठावा लागत नाही. पाणी बर्फाइतकं थंड नसलं तरी पाय तासन्‌तास ओला, गार आणि घट्ट बांधलेला राहिला की रक्तवाहिन्या आवळतात, नसा मरायला लागतात, पाय बधिर होतो, सुजतो, काळा पडतो. त्यावर उपाय निघाला तो बुटाच्या कारखान्यात नाही, शिस्तीत. रोज मोजे बदलायचे, पायांना व्हेल माशाचं तेल चोळायचं, जवानांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय तपासायचे. फूट इन्स्पेक्शनला कंटाळणाऱ्या आजच्या पोरांनी लक्षात ठेवावं की त्या कवायतीमागे हजारो कापलेली बोटं आहेत.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न फिरला. बर्मा, मणिपूर आणि नागा टेकड्यांत पाणी गार नव्हतं, पण संपतच नव्हतं. दिवसातून वीस वेळा नाला ओलांडायचा तर पाणी वरून, घोट्यातून आत येणारच. अशा वेळी पाणी अडवणारा बूट म्हणजे पायाला बांधलेली बादली. बुरशीने चामड्याची शिवण कुजायची ती वेगळीच. म्हणून जंगल बूट आले: वर कॅनव्हास, खाली रबर, नडगीपर्यंत लेस. अमेरिकनांनी १९४२ पासून असे बूट वापरले. पुढे व्हिएतनामच्या काळात तळव्याच्या कमानीजवळ पाणी निघायला छोटी भोकं ठेवली आणि बांबूच्या खुंट्यांपासून बचावासाठी तळात पोलादी पत्रा घातला. तत्त्व एकच. पाणी येऊ दे, पण थांबू देऊ नको. गरम जंगलासाठी याहून शहाणा बूट आजही नाही, असं मी म्हणेन.

आता १९६२. चौथी डिव्हिजन १९५९ मध्ये अंबाल्याहून नेफात आली, आफ्रिकेच्या वाळवंटात नाव कमावलेली, मैदानी लढाईसाठी तयार झालेली. १९६२ च्या ऑक्टोबरात तिच्या सातव्या ब्रिगेडला थागला डोंगराखाली, नामका चू या नाल्याकाठी उभं केलं गेलं. अंगात सुती गणवेश, माणशी एक ब्लँकेट, जवळ पन्नास राउंड आणि पायात कॅनव्हासचे बूट. २ राजपूत आणि १/९ गोरखा यांना लुम्पूहून सुमारे १६,००० फुटांची कर्पो ला खिंड ओलांडून त्सांगधरला जायला लावलं. शत्रूची गोळी सुटण्याआधीच थंडीने आणि फुप्फुसाच्या त्रासाने माणसं जायला लागली. विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं दरीत गेलं. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा ही माणसं आधीच अर्धी खचलेली होती. ब्रिगेडियर दळवी त्याच लढाईनंतर कैद झाले आणि १९६९ साली त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये हे सगळं लिहिलं.

नेहमी म्हटलं जातं, सामान कमी होतं. होतंच. पण मला त्याहून जास्त बोचतं ते हे, की कॅनव्हासचा बूट मुळात वाईट नव्हता. तेजपूरहून निघून पायथ्याच्या जंगलात चालायला तो बराच. जो बूट पाणी बाहेर सोडतो तो गारठाही आत सोडतो, एवढी साधी गोष्ट नकाशावर बोट ठेवून हुकूम देणाऱ्यांच्या गणितात नव्हती. त्या भागात जळवांच्या रानातून बर्फापर्यंत माणूस काही दिवसांच्या चालीत पोचतो. दोन हवामानं, एकच जोडी.

तळाचा प्रश्न तोवर इटलीत सुटला होता. विताले ब्रामानीचे सहा सोबती १९३५ मध्ये डोंगरात गेले, त्यानंतर त्याने पिरेलीच्या मदतीने खोल नक्षीचा रबरी तळ बनवला, तोच व्हिब्रम. खडकावर रबर चिकटतं, खाचा चिखल धरतात. आपल्याकडे खिळे जाऊन डीएमएस आला, म्हणजे चामड्यावर थेट ओतलेला रबरी तळ. टिकायला दणकट, पण भिजला की जड, आणि नवा असताना असा चावायचा की टाचेची साल निघायची.

नवीन पोस्टिंगवर जाणारी मुलं विचारतात, कोणता बूट घेऊ? मी उलट विचारतो, पाणी गरम की गार? पायथ्याला, नाले ओलांडत फिरायचं असेल तर हलका, लवकर वाळणारा. दहा हजार फुटांच्या वर पाणी अडवणारा, आतून ऊब धरणारा, घोटा सांभाळणारा. माप संध्याकाळी घ्यायचं, पाय फुगलेले असताना, जाड लोकरी मोजे घालून. मग उतारावर उभं राहून पाहायचं. बोटं पुढे आपटली तर दुकानदार काहीही म्हणो, तो बूट ठेवून द्यायचा, कारण नखं चढताना जात नाहीत, उतरताना जातात. उतरण्याआधी घोट्याजवळची लेस पुन्हा आवळायची. सुती मोजे घरी ठेवायचे. आणि एक कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिट्ठूच्या तळाशी. ती फक्त झोपताना घालायची. सकाळी कितीही जिवावर आलं तरी ओलेच मोजे चढवून निघायचं.