हिरव्या ट्यूबमागील स्वदेशी

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थास पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बंगाली घरात एक हिरवी ट्यूब दिसते. ओठ उलले, टाच फुटली, दाढी करताना कापले, की हात तिच्याकडे जातो. बोरोलीन हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. परंतु वंगभूमीत या मलमास जे घरगुती ममत्व लाभले आहे, त्याचा उलगडा केवळ औषधी गुणाने होत नाही.

अंगास लावावयाचे स्निग्ध पदार्थ घरी करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. शतधौत घृत म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप. धुता धुता त्याचा रवाळपणा जातो व लोण्यासारखे मऊ, पांढरेशुभ्र मलम हाती येते. युरोपातील ‘कोल्ड क्रीम’चे मूळ दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मेण, ऑलिव्ह तेल व पाण्याच्या मिश्रणात दाखवितात. तूप काय, मेण काय, युक्ती एकच : स्नेहात पाणी अडकवून ठेवणे. घरगुती मलमाचे दुखणेही त्याच पाण्यात आहे. बंगालच्या दमट हवेत बुरशीला निमंत्रण लागत नाही.

या घरगुती विद्येला व्यवसायाचे रूप देण्याची खटपट कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. प्रफुल्लचंद्र राय यांनी 1892 साली अप्पर सर्क्युलर रोडवरील आपल्या बिऱ्हाडी बेंगाल केमिकलचा आरंभ केला. फॉस्फेटसाठी गच्चीवर वाळत घातलेल्या हाडांच्या दुर्गंधीने शेजारी हैराण झाले, हा त्या उद्योगाचा मंगलारंभ! हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ केशतेल काढले आणि त्याच्या नावाने कथास्पर्धा लावली. अट मोठी खुबीदार : कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. 1896 साली जगदीशचंद्र बसूंच्या ज्या कथेस पारितोषिक मिळाले, तीत तेलाची बाटली समुद्रातील तुफान शांत करते. तेलविक्रीने एवढी वाङ्मयसेवा अन्यत्र क्वचितच केली असेल.

एका मराठी वंशाच्या लेखकाचाही येथे वाटा आहे, हे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते. सखाराम गणेश देउस्कर यांनी 1904 साली ‘देशेर कथा’ लिहून देशी उद्योगांच्या ऱ्हासाची कहाणी बंगालीत मांडली. 1910 साली सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली.

या वातावरणातून 1929 साली बोरोलीन जन्मास आले. त्याचे कर्ते गौरमोहन दत्त हे विलायती मालाचे व्यापारी. आयातीचा धंदा ठाऊक असलेल्या माणसाने घरीच मलम घोटावयास घ्यावे, यात आम्हांस मोठे साहस दिसते. घटक साधे : टाकणखारापासून मिळणारे बोरिक अ‍ॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलीन. लॅनोलीन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेणचट स्नेह. तो आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी सामावून घेतो. झिंक ऑक्साइड त्वचेवर आवरण धरते, बोरिक सौम्य जंतुघ्न. नावातला ‘बोरो’ या बोरिकचाच. 15 ऑगस्ट 1947 रोजी कंपनीने एक लाख ट्यूब फुकट वाटल्या, असे सांगतात.

मात्र स्वदेशीच्या अभिमानाने रसायनशास्त्र बदलत नाही. बोरिक अ‍ॅसिड जखमी त्वचेतून रक्तात उतरते. अर्भकांस त्याच्या अतिवापराने विषबाधा होऊन मृत्यूही आले, आणि पुढे अनेक देशांनी त्यावर निर्बंध घातले. आज नायसिनामाइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड यांच्या पुड्या टपालाने मागवून घरच्या ओट्यावर सीरम करणारी मंडळी वाढली आहेत. त्यांच्या हौसेला आमचा विरोध नाही. मात्र चिमटीच्या मापाने मसाला होतो, असली द्रव्ये नव्हेत. शेकडा एक आणि शेकडा दहा यांत औषध व भाजलेली कातडी एवढे अंतर पडू शकते. तेथे ग्रॅमच्या अंशापर्यंत तोलणारा काटाच हवा.

बोरोलीनच्या वेष्टनावरील हत्तीचे चित्र आजही कायम आहे. ज्यांस अक्षरे वाचता येत नव्हती, ते खेड्यातील गिऱ्हाईक दुकानी येऊन ‘हत्तीवाले क्रीम’ मागत असे.